दोअमलीचा धडा

बाभुळगावच्या पूर्वेस थोड्या अंतरावर वाहणारी वर्धा नदी आज दोन जिल्ह्यांची सीमा आहे. पण अठराव्या शतकात तिच्या अलीकडील वऱ्हाडात एकाच रयतेवर दोन सत्तांचा अंमल असे. त्यास 'दोअमली' म्हणत. इ. स. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजाम प्रांताचा धनी झाला व त्याचा सुभेदार एलिचपुरास राहू लागला. नागपूरकर भोसले चौथाई व सरदेशमुखीच्या हक्काने त्याच गावांतून वसूल नेत. निजाम नावापुरता दिल्लीचा चाकर, भोसले साताऱ्याच्या छत्रपतींचे सेनासाहेब सुभा. सनदा दूरच्या, तगादा मात्र दाराशी!

अशा मुलखातील सुभेदाराने कोणाचे ऐकावे? एलिचपूरचा इस्माईलखान पन्नी वरिष्ठांस जड होईपर्यंत प्रबळ झाला आणि १७७५ मध्ये निजामाच्याच फौजेशी लढताना मारला गेला. पुढे १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा हक्क गेला, एकच धनी उरला. रयतेस सुख लागले काय? मुळीच नाही. हैदराबादने वसूल मक्त्याने दिला, सावकारी पेढ्यांकडे गहाण टाकला. अखेर कंटिन्जंट फौजेच्या थकबाकीपायी १८५३ मध्ये प्रांत इंग्रजांच्या हाती गेला, व १९०२ मध्ये सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला गेला. वऱ्हाडच्या रयतेस त्या वेळी कोणी विचारले नाही.

यावरून आम्ही असे म्हणतो की, धनी एक की दोन हा खरा प्रश्न नव्हे. अधिकारी आपला हिशेब कोणापुढे ठेवतो, हा खरा प्रश्न होय. ज्याची नेमणूक, बढती व निधी सर्व वरून येते, त्याची मानही साहजिकच वरच वळलेली राहते. १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आहेत. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींस व ग्रामसभेस घटनेचा आधार मिळाला. तरी निवडणूक लांबून प्रशासक बसला, अथवा ग्रामसभेत सहीपुरतीच माणसे जमली, तर जुनी सुभेदारी नव्या नावाने परत येते.

आमच्या व्यापारी बंधूंस एवढेच सांगणे: दुकानाची कीर्द आपण रोज मेळवून पाहता, गावाची कीर्द वर्षातून एकदा तरी मागून पाहा. न मागणाऱ्यास हिशेब दाखविणारा सुभेदार अद्याप जन्मास यावयाचा आहे.