माशांच्या टाकीची बैठक

लावणीपूर्वी खाचर एका पातळीत आले आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी मावळातील शेतकऱ्यास यंत्राची गरज भासत नाही. चिखलणी करून फळी फिरविली व पाणी स्थिर होऊ दिले, की उंचवटा उघडा पडतो आणि खोलगट जागी पाणी साचून राहते. घरात माशांची काचेची टाकी ठेवताना नेमके हेच ज्ञान उपयोगी पडते. परंतु खाचराच्या बाबतीत इतका चोखंदळ असलेला शेतकरी टाकी मात्र हाताशी येईल त्या टेबलावर ठेवून मोकळा होतो!

सन २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संवर्धनाचाही समावेश करण्यात आला. गप्पी, मॉली यांसारखे मासे सिमेंटच्या हौदात वाढविले, तरी निवडक जोड्या व विक्रीस दाखवावयाचे मासे यांकरिता घरात एखाद-दुसरी काचेची टाकी लागतेच.

प्रथम वजनाचा विचार करावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व तितक्याच उंचीच्या टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. काच व तळाची वाळू धरून हा भार सत्तर किलोंच्या घरात जातो, म्हणजे भाताच्या भरल्या पोत्याहून अधिक. शिवाय पोते आज ना उद्या उचलले जाते. हा भार वर्षानुवर्षे, रात्रंदिवस एकाच जागी राहावयाचा असतो. ९० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद आणि उंच अशी टाकी घेतल्यास तो दोनशे किलोंच्याही पुढे जातो.

बैठक सपाट असणे आणि ती समपातळीत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, व त्यांची गल्लत फार होते. सपाट बैठक एका बाजूस किंचित कलली, तर खालच्या बाजूच्या काचेवर व सांध्यावर पाण्याचा दाब थोडा वाढतो. परंतु बैठकीचा एकच कोपरा खाली गेला असेल, तर टाकीचा तळ तीन कोपऱ्यांवरच टेकतो. वरून पाण्याचा भार पडताच काच पिळली जाते आणि सिलिकॉनने जोडलेला सांधा ताणला जातो. तो त्याच दिवशी सुटेल असे नाही. कित्येकदा तो काही महिन्यांनी मध्यरात्री सुटतो. मावळातील घरात टाकी बहुधा माजघरात असते, आणि त्याच माजघरात इंद्रायणीच्या बियाण्याचे पोतेही ठेवलेले असते. भिजलेल्या बियाण्यास पोत्यातच मोड येतात व ते पेरणीच्या कामाचे राहत नाही.

लोणावळ्याचा पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांतील पश्चिमेकडच्या गावांतही आषाढ-श्रावणात मातीची जमीन ओल धरते व मऊ पडते. उन्हाळ्यात पक्की वाटलेली जमीन तेव्हा स्टँडच्या बारीक पायांखाली खचते. म्हणून सारवलेल्या जमिनीवर स्टँड थेट ठेवू नये. मुरूम घालून तो चांगला ठोकावा, वर शहाबादी फरशी पक्की बसवावी व तिच्यावर पाय टेकवावेत. पावसाचा मारा येणाऱ्या भिंतीला लागून टाकी ठेवणे टाळावे.

स्टँड लोखंडी अँगलचा असल्यास त्यास प्रथम रेडऑक्साइड व नंतर रंग द्यावा, अन्यथा या हवेत जोड लवकर गंजतात. भुशाच्या फळीचे कपाट दिसावयास सुबक असते, पण पाणी लागताच फुगते. ते मुळीच वापरू नये. आमच्या मते विटांचे दोन बुटके खांब बांधून वर जाड कडाप्पा बसविणे हा सर्वांत स्वस्त व निर्धास्त उपाय आहे. मात्र कडाप्पा टाकीच्या तळापेक्षा चहूबाजूंनी थोडा मोठा असावा. तळाच्या काचेखाली थर्माकोलचा एक अखंड तुकडा घालावा. बारीक खडबडीतपणा तो सामावून घेतो, कल मात्र काढू शकत नाही.

आता परीक्षा. गवंड्याची पाणसळ मिळाल्यास ती बैठकीवर लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर ठेवून पाहावी. ती नसल्यास रिकाम्या टाकीत चार बोटे पाणी ओतून ते स्थिर होऊ द्यावे व चारही कोपऱ्यांत तळापासून पाण्याची उंची पट्टीने मोजावी. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालेल. अधिक असल्यास पाणी काढून स्टँडच्या पायाखाली लोखंडी पत्र्याचा तुकडा सारावा. लाकडी पाचर ओलीने फुगते. काचेखाली एका कोपऱ्यात पुठ्ठा सारून फरक भरून काढण्याचा मोह आवरावा, कारण त्याने काच नेमकी तेथेच पिळली जाते. भरलेली टाकी कधीही उचलू वा सरकवू नये.

टाकी भरल्यावर आठ दिवसांनी पुन्हा मोजणी करावी. त्यानंतर आषाढाचा पहिला मोठा पाऊस झाल्यावर एकदा करावी, आणि त्या वेळी बियाण्याचे पोते फळीवर उचलून टाकीपासून दूर ठेवले आहे ना, हेही पाहून घ्यावे.