मुलाच्या उत्तरांनुसार बदलणारी वाचनचाचणी

पंधरा वर्षांच्या मुलांची वाचनक्षमता तपासणाऱ्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली मोठा बदल झाला. संगणकावर परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी वाचनाचा भाग अनुकूली, म्हणजे उत्तरांनुसार बदलणारा झाला. मला ही रचना फार आवडते!

आधी एक छोटा गाभ्याचा टप्पा. त्यातली उत्तरं पाहून संगणक पुढचे सोपे किंवा अवघड उतारे देतो, आणि मग आणखी एक टप्पा. दर प्रश्नाला नव्हे, टप्प्याटप्प्याला बदल. वाचनात हेच योग्य, कारण एका उताऱ्यावर अनेक प्रश्न असतात. मुलाला मध्येच उताऱ्यातून उठवून कसं चालेल?

लिहून द्यायची काही उत्तरं माणसं नंतर तपासतात. त्यामुळे वाट ठरवताना संगणक स्वतः तपासू शकतो तेवढीच उत्तरं धरतो. शिवाय काही मुलांना मुद्दाम उलट्या वाटेनं पाठवतात, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सगळ्या पातळ्यांची मुलं मिळतात.

पालक विचारतात, "अवघड संच आला, तर गुण कमी पडणार ना?" नाही. नुसती बरोबर उत्तरं मोजत नाहीत, प्रश्नांची काठिण्यपातळीही हिशेबात असते. खरा फायदा टोकाच्या मुलांना होतो. सरसकट एकच पेपर दिला, तर अडखळत वाचणाऱ्याचं जवळजवळ सगळं चुकतं, आणि त्याला नेमकं काय येतं हे कळतच नाही.

आपल्या शाळांच्या वाचनचाचण्यांतही हे यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.