नावापुढचा हिरवा ठिपका

खानदेशात उन्हाळा तापला, की जळगाव-धुळ्याच्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: लाइट गेली. फोनवर बोलणं चालू असेल, तर ते पलीकडच्याला सांगता येतं. पण आपण संगणकावर चॅट करत असू आणि पडदा एकदम काळा झाला, तर पुण्यातल्या किंवा परदेशातल्या मित्राला आपल्या नावापुढे काय दिसतं? बहुतेक वेळा हिरवा ठिपका तसाच दिसत राहतो. हा माणूस आहे, फक्त उत्तर देत नाही, असा त्याचा समज होतो. त्या ठिपक्यामागे पन्नासहून अधिक वर्षांचा विचार आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे.

1971 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ नावाचा प्रोग्राम लिहिला. कोणता सहकारी आत्ता संगणकावर बसला आहे, हे तो सांगत असे. लवकरच त्याला ‘प्लॅन’ नावाच्या फाइलची जोड मिळाली. आपण का जागेवर नाही, कुठे भेटू, हे तिच्यात लिहून ठेवता येई. आजच्या स्टेटसचं मूळ तिथे सापडतं. 1996 मध्ये आयसीक्यू हा चॅटचा प्रोग्राम आला, 1997 मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीचं मेसेंजर. 2009 साली यान कूम यांनी व्हॉट्सअ‍ॅप बनवायला घेतलं, तेव्हा त्याचं मूळ काम निरोप पाठवण्याचं नव्हतंच. संपर्कयादीतल्या नावापुढे ‘बॅटरी संपत आली’ अशी स्थिती दिसावी, एवढीच कल्पना होती. ती स्थिती बदलली की मित्रांच्या फोनवर सूचना जाऊ लागली आणि लोक तिचाच निरोपासारखा वापर करू लागले.

स्टेटसचं यंत्र आतून पाहायचं, तर पिजिन हा चॅटचा मुक्त प्रोग्राम उघडावा. मार्क स्पेन्सर यांनी 1998 मध्ये तो ‘गेम’ या नावाने सुरू केला. एओएलशी झालेल्या नावाच्या वादानंतर एप्रिल 2007 मध्ये त्याचं पिजिन झालं आणि मे महिन्यात 2.0 आवृत्ती आली. तिच्यात स्टेटसची रचना नव्याने बांधलेली होती. ‘उपलब्ध’, ‘बाहेर’, ‘व्यत्यय नको’, ‘अदृश्य’ अशा मूळ स्थिती, त्यांच्यावर आपला मजकूर, आणि असा संच नाव देऊन जपून ठेवायची सोय. हे सगळं आपल्याच संगणकावर ‘स्टेटस डॉट एक्सएमएल’ या साध्या फाइलमध्ये राहतं. पाच मिनिटं कळफलक-माउसला हात लागला नाही, तर पिजिन स्वतःहून ‘बाहेर’ लावतं आणि माणूस परतला की आधीची स्थिती परत आणतं.

यापुढचं काम प्लगइनचं, म्हणजे पिजिनला जोडायच्या छोट्या पूरक प्रोग्रामचं. समजा, मुलगा जळगावात नोकरी करतो आणि पाणी भरायला रावेर तालुक्यातल्या घरच्या शेतात जातो. अनेक गावांत शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. वेळापत्रक आधी ठाऊक असतं. ते प्लगइनला दिलं, की पाळीच्या वेळी ‘मळ्यात आहे, मोटर चालू’ असं स्टेटस आपोआप लागेल. त्यासाठी लागणारा सी भाषेतला कोड थोडाच असतो. एक टायमर ठराविक सेकंदांनी घड्याळ बघतो आणि वेळ झाली की जपलेलं स्टेटस लागू करतो. मात्र खरी कसोटी पुढे आहे. दुपारी दोनला टायमर वाजला, पण माणसाने एक वाजता स्वतःच्या हाताने ‘व्यत्यय नको’ लावलेलं असेल, तर ऐकायचं कुणाचं? माझ्या मते नेहमी माणसाचं. स्टेटस बदललं की पिजिन प्लगइनला तसा संकेत देतं. तो बदल आपणच केला होता की माणसाने, याची नोंद प्लगइनने ठेवायलाच हवी. प्लगइन बंद करताना टायमर काढून टाकणंही तितकंच आवश्यक. तो राहिला, तर मेमरीतून गेलेल्या कोडला हाक जाते आणि अख्खं पिजिन कोसळतं.

देवनागरीची काळजी वेगळी घ्यावी लागते. ‘लाइट गेली’ हे दोन शब्द यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत 25 बाइट घेतात, कारण प्रत्येक अक्षरचिन्हाला आणि प्रत्येक मात्रेला तीन-तीन बाइट लागतात. इंग्रजीच्या हिशेबाने मजकूर मध्येच कापला, तर चिन्ह अर्धं तुटतं. पिजिनला वापरता येणारं एक्सएमपीपी हे खुल्या संवादाचं प्रमाण असं तुटकं चिन्ह मान्य करत नाही आणि सर्व्हर कनेक्शन तोडू शकतो.

आता गेलेल्या लाइटकडे येऊ. एक्सएमपीपीत ‘मी निघालो’ हा निरोप आपल्या संगणकानेच पाठवायचा असतो. वीज गेल्यावर तो पाठवणार कोण? सर्व्हरला जोडणी चालूच वाटते. त्याने काही पाठवून उत्तर आलं नाही, की मगच तो आपल्याला गैरहजर धरतो. लॅपटॉप असेल तर यावर उपाय आहे. लिनक्समधली ‘यूपॉवर’ सेवा बॅटरीवर गेल्याची खबर देते आणि पिजिन ‘डी-बस’ या मार्गाने बाहेरच्या प्रोग्रामचं ऐकतं. त्यामुळे पायथनच्या मोजक्या ओळींत स्टेटस बदलता येतं. राउटर इन्व्हर्टरवर हवा, एवढीच अट.

एक्सएमपीपीची आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. एकाच स्थितीचा मजकूर अनेक भाषांत, प्रत्येकीचा संकेत लावून पाठवता येतो. मराठीचा संकेत ‘एमआर’, अहिराणीचा ‘एएचआर’. 2011 च्या जनगणनेत अहिराणी ज्यात मोजली जाते त्या खानदेशी गटातली मातृभाषा सांगणारे सुमारे 18 लाख 60 हजार लोक होते. पिजिनच्या पडद्यावरची वाक्यं मराठीत आली आहेत, अहिराणीत नाहीत. ‘वावरमा शे’ (शेतात आहे) एवढं दोन शब्दांचं स्टेटस त्या भाषेत लिहिलं, तर यंत्राच्या बाजूने काहीच अडचण नाही.

बांभोरी, देवपूर, शिरपूरच्या महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय जरूर घ्यावा. पिजिनचा सगळा कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. तो वाचा, गावच्या विजेचं वेळापत्रक घालून पाहा, स्टेटस अहिराणीत लिहा, आणि काम पूर्ण झालं की आपला कोडही असाच सगळ्यांसाठी खुला ठेवा.