देवनागरीचा ठिपक्यांचा तक्ता

वरसावे नाक्यावर बसच्या एलईडी पाटीवर ठिपक्यांनी उमटलेलं गावाचं नाव वाचता ना? तशीच अक्षरं जवळून बघायची असतील तर जीएनयू युनिफॉन्ट उतरवून घ्या. रोमन चिबोरा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला हा मुक्त फॉन्ट. प्रत्येक अक्षर १६ ठिपके उंच, ८ किंवा १६ ठिपके रुंद. फाइल साधा मजकूर: एका ओळीत अक्षराचा क्रमांक, अपूर्णविराम (:) आणि ३२ किंवा ६४ षोडशमान अंक.

सोबत येणारी ‘युनिहेक्सटूबीएमपी’ ही आज्ञा मला सगळ्यात आवडते. टर्मिनलवर तिला ०९ हे पान सांगितलं की २५६ चौकटींचं चित्र मिळतं. अर्धं देवनागरी, अर्धं बंगाली. मराठी माणसानं त्यात आधी ०९३१ चा ऱ, ०९३३ चा ळ आणि ०९७२ चा ॲ शोधावा. हा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला.

मात्र जोडाक्षरं इथे नाहीत. क्ष, ज्ञ तक्त्यात सापडणार नाहीत. एखादा ठिपका खटकला, तर चित्र रंगवायच्या प्रोग्राममध्ये दुरुस्त करा, ‘युनिबीएमपीटूहेक्स’ त्या चित्राचे पुन्हा अंक करून देतं.