घनता जास्त म्हणजे सेल चांगला? एका चुकीच्या निष्कर्षाची गोष्ट

गोदामांमध्ये माल उचलणाऱ्या इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतल्या बऱ्याच अजूनही शिसे-आम्ल बॅटरीवर चालतात. 48 व्होल्टच्या बॅटरीत 2 व्होल्टचे 24 सेल असतात आणि प्रत्येकाचं झाकण उघडून वरचेवर डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं. काम साधं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

बॅटरीचं आयुष्य हा माझा विषय. सुरुवातीच्या दिवसांत एका गोदामात पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीच्या 24 सेलमधली द्रावणाची सापेक्ष घनता मी हायड्रोमीटरने मोजली. 23 सेल 1.275 ते 1.285 च्या दरम्यान होते, एक मात्र 1.305. चार्ज झालेल्या सेलमध्ये आम्ल जास्त, म्हणून घनता जास्त, हे पुस्तकात वाचलेलं होतंच. मी वहीत लिहून टाकलं, ‘सर्वोत्तम सेल’. बॅटरी सांभाळणारे काका शेजारी उभे होते. ते म्हणाले, “ताई, त्याची पातळी बघितली का?”

झाकण उघडून बघितलं, तर प्लेटांची वरची कड जेमतेम बुडालेली. जो सेल मी सर्वोत्तम ठरवला होता, तोच सगळ्यात जास्त तहानलेला होता.

असं का झालं? चार्जिंगच्या शेवटी सेलचा व्होल्टेज साधारण 2.4 च्या वर गेला की बराचसा विद्युतप्रवाह पाण्याचं विघटन करण्यात खर्च होतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन उडून जातात, आम्ल मात्र सेलमध्येच राहतं. म्हणजे पाणी घटतं आणि उरलेलं द्रावण दाट होतं. 1.280 घनतेच्या एक लिटर द्रावणातून फक्त 100 ग्रॅम पाणी गेलं, तरी घनता 1.30 च्या आसपास पोचते. माझा आकडा बरोबर होता, त्याचा अर्थ मी चुकीचा लावला.

किती पाणी उडतं याचा हिशेब तुम्हीही करू शकता. फॅरडेच्या नियमानुसार 1 अँपिअर-तास विद्युतभार सुमारे 0.336 ग्रॅम पाण्याचं विघटन करतो. 500 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 10 टक्के जादा चार्ज दिला आणि तो सगळा विघटनातच गेला असं धरलं, तर दर सेलमागे जवळपास 17 ग्रॅम पाणी जातं. 24 सेलचे झाले 400 ग्रॅम. त्यातून निघणारा हायड्रोजन सुमारे 500 लिटर! हवेत हायड्रोजनचं प्रमाण 4 टक्के झालं की तो पेट घेऊ शकतो. म्हणून चार्जिंगच्या जागी खेळती हवा हवी आणि ठिणगी नको.

आता पाणी कधी घालायचं? नेहमीचा नियम म्हणजे चार्जिंग पूर्ण झाल्यावर. चार्ज होताना द्रावण तापतं, त्यात बुडबुडे येतात आणि पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरलं तर ते बाहेर सांडतं, आणि त्याबरोबर आम्लही जातं. पुढे तुम्ही पाणीच घालणार, म्हणजे तो सेल कायमचा पातळ झाला. चार्जिंगआधी प्लेटा उघड्या दिसल्या, तर त्या बुडतील एवढंच पाणी घालायचं, बाकीचं नंतर. प्लेटा उघड्या राहिल्या तर तेवढा भाग निकामी व्हायला लागतो. नळाचं पाणी घालायचं नाही, कारण त्यातले क्लोराइड आणि लोह सेलला घातक असतात. कमी झालेलं पाणी भरून काढायला आम्ल तर कधीच घालू नका. आणि हे सगळं करताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

संशोधकासाठी यात अजून एक फसवी जागा आहे. नुकतंच घातलेलं पाणी हलकं असल्यामुळे वरच तरंगतं. लगेच हायड्रोमीटर बुडवला तर घनता खोटी कमी दिसते. पुढच्या चार्जिंगमध्ये बुडबुड्यांनी द्रावण ढवळलं गेलं की मगच तो आकडा घ्यावा.

म्हणजे एकच सेल पाणी घालण्याआधी ‘उत्तम’ आणि घातल्यावर लगेच ‘खराब’ दिसू शकतो. मधल्या काळात सेलच्या तब्येतीत काहीच बदललेलं नसतं. म्हणून घनतेच्या आकड्यासोबत चार गोष्टी लिहा: पातळी, तापमान, चार्जची अवस्था आणि शेवटचं पाणी कधी घातलं. तुमचा विषय माती असो, रक्ताचे नमुने असोत की सर्वेक्षण, हा प्रश्न तिथेही विचारा: मोजताना ती वस्तू कोणत्या अवस्थेत होती?

घातलेल्या पाण्याचं मापही टिपून ठेवा. बॅटरी जुनी होते तसं धन प्लेटांच्या जाळीतलं अँटिमनी ऋण प्लेटांवर जमतं, वायू जास्त सुटतो आणि पाण्याची मागणी वाढते. ज्या नोंदीला मी नुसती देखभाल समजत होते, ती आता माझ्या कामातला महत्त्वाचा रकाना आहे.

जाता जाता एक सराव. 24 पैकी एका सेलला इतरांपेक्षा नेहमीच कमी पाणी लागतं. तो सर्वात चांगला आहे का? लगेच ‘हो’ म्हणू नका. आतून शॉर्ट झालेल्या सेलमध्येही वायू कमी सुटतो. मग तुम्ही आणखी काय मोजाल, ते वहीत लिहून बघा.