यकृतातली गाठ आणि साखरेचा माग

समजा, काळेवाडीतल्या एका घरात यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण आहे. आजार पुढे गेलेला, शस्त्रक्रिया शक्य नाही म्हणून गोळ्या सुरू आहेत. काही आठवड्यांनी सीटी स्कॅन होतो. अहवाल म्हणतो, गाठ तेवढीच आहे. घरचे हबकतात. सगळा पैसा पाण्यात गेला का?

तसे लगेच म्हणता येत नाही. सोराफेनिब या औषधाच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्मे रुग्ण जगण्याचा काळ ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेला. पण ठरलेल्या मापाने गाठ आक्रसली ती शंभरात जेमतेम दोघांची! म्हणून गाठ केवढी आहे यापेक्षा ती किती जिवंत आहे, हे पाहावे लागते.

पेट स्कॅन नेमके हेच पाहतो. फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या हावरट पेशी ती ओढून घेतात आणि चित्रात तेवढी जागा चमकते. हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मे होते. ते सायक्लोट्रॉनमध्ये तयार करावे लागते. देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसले. तिथून निघालेली मात्रा काळेवाडीला पोचायला तीन तास चाळीस मिनिटे लागली, तर चौथा हिस्साच उरेल.

यकृताच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. यकृत हे मुळातच साखरेचे कोठार. आत अडकलेली साखर मोकळी करून पुन्हा रक्तात सोडणारे विकर त्याच्या पेशींत असते. कमी आक्रमक गाठींतही ते टिकून राहते, त्यामुळे साखर आली तशी निघून जाते. अशा गाठी चमकतच नाहीत आणि त्यांची संख्या थोडीथोडकी नाही. ज्या लखलखतात, त्या बहुधा जास्त दांडग्या असतात.

तेव्हा उपचारानंतरच्या चित्रात चमक नाही, एवढ्यावर पेढे वाटू नयेत. ती आधी होती का, हे विचारावे. उपचारापूर्वीचा पेट स्कॅन नसेल, तर तुलना करायची कशाशी? रक्तपुरवठा दाखवणारा तीन टप्प्यांचा सीटी किंवा एमआरआय आणि रक्तातले अल्फा-फीटोप्रोटीन यांवरच डॉक्टरांची मुख्य भिस्त असते, ती उगाच नाही.

पेट स्कॅन ठरलाच, तर आधी चार ते सहा तास पोटात पाण्याशिवाय काही नको. गोड चहाही नाही. मधुमेह असेल तर इन्शुलिन कधी घ्यायचे, हे तारीख घेतानाच विचारून ठेवावे.