पंख्याची खरी किंमत

उन्हाळा तोंडावर आला की मध्यमवर्गीय गृहस्थ पंख्याच्या दुकानात शिरतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा. एक पंखा दीड हजारांचा, शेजारी टांगलेला ‘बीएलडीसी’ मोटरचा अठ्ठावीसशेचा. दोन्ही सारखेच फिरतात, वारा सारखाच लागतो. तेव्हा तेराशे रुपये अधिक कशाला मोजायचे, असा विचार करून तो स्वस्त पंखा घेऊन घरी येतो. या व्यवहारात त्याने काटकसर केली असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

वस्तुतः पंख्याची किंमत दुकानात अर्धीच चुकती होते. उरलेली दरमहा वीजबिलातून जात राहते. जुन्या पद्धतीच्या पंख्याला सुमारे ७५ वॅट वीज लागते, नव्या मोटरच्या पंख्याला ३०च्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस पंखा चालला, तर १६२ युनिटांचा फरक पडतो. युनिटला आठ रुपये धरले तरी ही रक्कम तेराशेच्या घरात जाते. म्हणजे जादा मोजलेले पैसे वर्षभरात परत आणि पुढे निव्वळ बचत. शेकडा शंभर टक्के परतावा देणारी ठेव कोणत्याही बँकेत नाही! शिवाय वाचलेले युनिट नेहमी बिलाच्या वरच्या, महाग टप्प्यातले असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

मग शहाणीसुरती माणसे असे का वागतात? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेरी हॉसमन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वातानुकूलन यंत्रांच्या खरेदीवरून असे दाखविले, की ग्राहक भावी बचतीवर सुमारे २० टक्के व्याज मागितल्यासारखे वागतात आणि उत्पन्न कमी तसा हा दर चढत जातो. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. महिनाअखेर ज्याच्या हाती दोन हजारच उरतात, त्याला पुढल्या वर्षीचे तेराशे रुपये आज दिसणार कसे? २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत एलईडी दिव्यांचे पैसे वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची सोय अनेक ठिकाणी होती. तिचे मर्म नेमके हेच होते.

भाड्याच्या घरातील गोष्ट आणखी निराळी. पंखा घरमालक बसवितो, बिल भाडेकरू भरतो. मालकाने महाग पंखा घ्यावा कशासाठी?

अर्थात नव्याची बाजूही निष्कलंक नाही. जुना पंखा मंदावला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक थोडक्या पैशांत कंडेन्सर बदलून देतो. मोटर जळाली तर वाइंडिंग भरून मिळते. आजोबांच्या वेळचे पंखे अजून काही घरांत फिरतात ते याच आधारावर. नव्या पंख्यातील इलेक्ट्रॉनिक पट्टी बिघडली, की तोच मेकॅनिक हात वर करतो. रिमोट हरवला म्हणजे घरभर शोधाशोध, हा आणखी एक नवा उपद्रव! म्हणून हमी किती वर्षांची आणि सुटे भाग गावात मिळतात का, हे किमतीइतकेच निकडीने विचारले पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर तारांकनाचे लेबल सक्तीचे झाले. त्यावरून प्रत्येक वॅटमागे किती हवा मिळते ते कळते. दुरुस्तीविषयी ते काही सांगत नाही.

तेव्हा घरातील सगळे पंखे एका झटक्यात बदलण्याचे कारण नाही. पाहुण्यांच्या खोलीतील, दिवसाला जेमतेम दोन तास फिरणारा पंखा बदलला तर ते तेराशे रुपये वसूल व्हायला सहा वर्षे लागतील. तो आहे तसा राहू द्यावा. निजण्याच्या खोलीतील पंखा मात्र रात्रभर चालतो. बदलायचाच झाला तर तो आधी, आणि तोही जुना खरोखर कुरकुरू लागल्यावर. तोवर जुन्या पंख्याचा तापणारा, पेटीसारखा रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक बसविला तरी थोडा लाभ होतोच. त्या पेटीत वेग कमी करताना वाचायची बरीचशी वीज नुसती उष्णतेत जाते, आणि तीसुद्धा ऐन उन्हाळ्यात, त्याच खोलीत.